सायकल, खाडी आणि शाळेची सहल

दर वर्षीं नाताळची सुटी जवळ आली म्हणजे शाळेंत सहलीचा प्रश्न निघतो, आणि दर वर्षीं त्याचें उत्तर ठरलेलें असतें. मोटारबस ठरवावयाची, पहांटे मुलांना तींत बसवावयाचें, तीन-चार तास गाणीं म्हणत जावयाचें, एखाद्या जलक्रीडेच्या उद्यानांत दिवस घालवावयाचा, आणि रात्रीं पेंगुळलेलीं मुलें पालकांच्या स्वाधीन करावयाचीं. ह्या सहलींत आनंद नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं वर्गांत "वाटेंत कोणती नदी ओलांडली?" एवढाच प्रश्न विचारावा, एकहि हात वर होत नाहीं. नदी लागली होती, घाट लागला होता, एखादा पडका बुरूजहि वाटेंत उभा होता. पण कांचेच्या आडून त्यांची आणि मुलांची ओळख झाली नाहीं. जी वाट पायांस कळली नाहीं ती डोक्यासहि कळत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची निदान एक सहल दर वर्षीं सायकलीवरून निघावी, अशी सूचना आम्ही ह्या लेखांत विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

सायकलच कां, असें कोणी विचारील. पायीं चालणारा मनुष्य तासांत चार-पांच किलोमीटर चालतो. एवढ्यानें एका दिवसांत फार मोठा प्रदेश दृष्टीस पडत नाहीं. मोटार तासाला साठ किलोमीटर धांवते. तींतून प्रदेश दिसतो, पण नजरेंत ठरत नाहीं. साधी सायकल तासाला दहा-बारा किलोमीटर जाते. हा वेग असा आहे कीं, गांवाच्या वेशीवरची पाटी वाचतां येते, आंब्याच्या झाडावर कोणता पक्षी बसला आहे तें ओळखतां येतें, आणि विहिरीवर उभ्या असलेल्या आजीबाईंना "पुढें चढ आहे का?" असें विचारावयास थांबतांहि येतें. चढ, उतार, खोरें, जलविभाजक हे शब्द भूगोलाच्या पुस्तकांतून मुलें पाठ करतात. पण एखादी खिंड चढतांना पाय भरून येतात, आणि माथा ओलांडल्यावर पायटा न मारतां चाक पलीकडच्या ओढ्यापर्यंत आपोआप धांवत जातें, तेव्हां जलविभाजक म्हणजे काय हें मुलास कायमचें कळतें. पावसाचें पाणीहि त्याच माथ्यावरून दोहों बाजूंस उतरतें, हें मग त्याला निराळें सांगावें लागत नाहीं.

आरंभ मात्र घरापासूनच व्हावा. रे रोड म्हणजे मालमोटारी, लोखंडाच्या वखारी आणि आगगाडीचा पूल, एवढीच आपल्या मुलांची समजूत असते. १८८५ ते १८९० ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे ह्यांचें नांव ह्या रस्त्यास आहे, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. जुनीं जहाजें मोडण्याच्या धंद्याकरितां प्रसिद्ध झालेल्या दारूखान्याचें नांवच सांगतें कीं, तेथें एके काळीं बंदुकीची दारू सांठवीत असत. रविवारीं सकाळीं, रहदारी विरळ असतांना, दक्षिणेस वळलें तर थोड्याच वेळांत माझगांवची भंडारवाडा टेकडी लागते. सन १६८० च्या सुमारास इंग्रजांनीं तेथें किल्ला बांधला, आणि १६९० सालीं सिद्दी याकूतखानाच्या सैन्यानें तो उद्ध्वस्त केला. आज त्या जागीं बाग आहे, आणि बागेच्या पोटांत शहरास पाणी पुरविणारा जलाशय आहे. बागेस ज्यांचें नांव आहे ते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) ह्याच माझगांवांत जन्मले. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि होमरूल चळवळीचे पुढारी होते. लोक त्यांना प्रेमानें काका म्हणत. उत्तरेस गेलें तर शिवडीचा किल्ला आहे; तोहि १६८० च्याच सुमाराचा. त्याच्या खालीं खाडीचा चिखल दूरवर पसरलेला आहे, आणि हिंवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हीं दोन्ही स्थळें आपल्या शाळेपासून सायकलीवर अर्ध्या तासाच्या आंत येतात. हा लहानसा फेरा म्हणजे पहिली परीक्षा समजावी. ज्यास येथें सरळ रेघेंत चालतां आलें, हातानें खूण करून वळतां आलें, आणि पुढची सायकल थांबतांच न धडकतां थांबतां आलें, त्यासच मोठ्या सहलींत घ्यावें.

मोठी सहल भाऊच्या धक्क्यावरून निघावी. १९ व्या शतकांत भाऊ अजिंक्य ह्यांनीं प्रवाशांसाठीं जो धक्का बांधला त्याचें नांव आजच्या धक्क्याकडे चालत आलें आहे. कोंकणांतून पोटासाठीं निघालेलीं किती घराणीं भाऊच्या धक्क्यावर प्रथम मुंबईच्या भूमीस लागलीं! गोदींत, गिरणींत, वखारींत घाम गाळून त्यांनीं आपल्या लेंकरांस शाळेचें दार दाखविलें. त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज आपल्या वर्गांत बसतात. पण ज्या किनाऱ्यावरून आजोबा निघाले तो किनारा त्यांतल्या पुष्कळांनीं पाहिलेलाच नाहीं. कांखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी ही स्थिति आहे. मार्च २०२० पासून ह्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी मोठी नौका जाते. सुमारें तासाभरांत ती माणसांस सायकलींसह पलीकडे पोंचविते. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला, पण त्यावर सायकलीस वाट नाहीं. एवढा मोठा पूल आपल्या दारांतून निघावा आणि आपल्या मुलाची सायकल त्याच्या तोंडाशींच थांबावी, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. परंतु जुनी जलवाट अजून उघडी आहे, आणि आपल्या कामास ती पुरेशी आहे.

मांडव्यापासून अलिबागपर्यंतचा रस्ता सुमारें वीस किलोमीटरांचा आहे. एवढ्याशा अंतरांत काय काय भेटतें त्याची टीप येथें देतों. अलिबागकडे जातांना डाव्या हातास कनकेश्वराचा डोंगर दिसूं लागतो. सायकली पायथ्याच्या गांवांत ठेवाव्या आणि दगडी पायऱ्यांनीं वर चढावें. वरच्या शिवमंदिरापर्यंत झाडीची सोबत असते, आणि डोंगरावरून पाहिलें म्हणजे भातखाचरें, नारळीच्या वाड्या आणि समुद्र हीं एकमेकांस कशीं बिलगून आहेत तें नकाशाहून स्पष्ट दिसतें. उजव्या हातास समुद्राच्या बाजूस किहीम गांव आहे. १९३० सालीं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांनीं तेथें सुगरण पक्ष्यांचें निरीक्षण केलें. नर घरटें अर्धें विणतो. मादी येऊन तें पारखते आणि पसंत पडलें तर त्यांत संसार मांडते. नर तें पुरें करून दुसऱ्या घरट्याच्या विणकामास लागतो, आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा सारा क्रम त्यांनीं गांवच्या झाडांखालीं दिवसचे दिवस बसून उलगडला. विज्ञान हें केवळ प्रयोगशाळेंतल्या नळ्यांत असतें असें मानणाऱ्या विद्यार्थ्यानें ह्या गांवांत घटकाभर अवश्य थांबावें.

पुढें थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी हीं दोन बेटें दिसतात. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनीं जहाजें पाठवून ती अडविण्याचा यत्न केला, पण तो फसला. मग सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर आपलें ठाणें बसविलें. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान मिळालें, त्यांत खांदेरी आहे. थळजवळच नवगांव आहे. फार प्राचीन काळीं आपल्या पूर्वजांचें गलबत येथें फुटलें, आणि वांचलेल्यांनीं ह्याच किनाऱ्यावर घरें केलीं, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक गांवोगांव 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. मराठी ही त्यांची मायबोली झाली, पण शब्बाथ त्यांनीं सोडला नाहीं. पवित्र शास्त्राच्या तासाला शब्बाथाचें पालन हा विषय आम्ही शिकवितों; पण त्या आज्ञेनें कोंकणांतला एक घाणा शतकानुशतकें दर शनिवारीं थांबत असे, हें त्या मातींत उभें राहून ऐकलें म्हणजे धड्यास निराळाच अर्थ येतो.

अलिबागेंत कान्होजी आंग्रे ह्यांची समाधि आहे. ते १७२९ सालीं वारले. गांवांतलें दुसरें एक स्थळ मात्र सहलीच्या मोटारी सहसा पाहत नाहींत. तें म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून होत असत. शहरांत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां विजेच्या प्रवाहानें वेधशाळेच्या नाजूक सुया विचलित होतील हें ओळखून नानाभाई फरामजी मूस ह्यांनीं १९०४ सालीं अलिबाग येथें नवी वेधशाळा उभी केली. विजेची ट्राम मुंबईंत १९०७ सालीं धांवली. तत्पूर्वीं दोन्ही ठिकाणचीं मापनें कांहीं काळ जोडीनें घेऊन ताडून पाहिलीं होतीं. नव्या इमारतींच्या बांधकामांत लोखंड कटाक्षानें टाळलें आहे. तेथें जावयाचें तर आधीं परवानगी मागावी, सायकली दूर अंतरावर ठेवाव्या, आणि सायकली दूर कां ठेविल्या ह्याचें उत्तर मुलांकडूनच घ्यावें.

रात्रीं अलिबागेस मुक्काम करून दुसऱ्या सकाळीं समुद्रांतला कुलाबा किल्ला पाहावा. १६८० सालीं, शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, तो बांधावयास घेतला. ओहोटी पुरी झाली म्हणजे तेथें चालत जातां येतें, आणि भरती आली म्हणजे वाट पाण्याखालीं जाते. म्हणून सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वींच विद्यार्थ्यांनीं भरतीचें गणित करावें. आपल्या किनाऱ्यावरचे लोक तें सोप्या रीतीनें करतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनीं, म्हणजे सकाळीं नऊच्या सुमारास, पुरी ओहोटी. अष्टमीस आठ पाऊण सहा; त्या दिवशीं सकाळीं सहाला भरती आणि ओहोटी दुपारीं बाराला. ह्यावरून चतुर्थी सोयीची कीं अष्टमी, हें सातवीचा मुलगाहि सांगेल. गणित बरोबर आलें तरी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांस विचारल्याविना पाऊल टाकूं नये, हा त्या धड्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पुस्तक आणि अनुभवी माणूस ह्या दोघांसहि विचारावें, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. येथें तें समुद्रच शिकवितो.

आतां पालकांच्या शंकांकडे वळूं. पहिली शंका जिवाच्या भीतीची आहे, आणि ती आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या दिवसाची आठवण कोंकणांत अजून सांगतात. रस्त्यांविषयीं बोलावयाचें तर आपल्या वस्तींत मालवाहू गाड्या कशा वळतात हें कोणाहि आईस सांगावयास नको. परंतु भीतीचा उपयोग घरीं बसण्यासाठीं न करतां नियम बांधण्यासाठीं करावा. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्याच महिन्यांत निघावी. पावसाळ्यांत कदापि नाहीं. शनिवार-रविवार टाळावे, कारण त्या दिवशीं अलिबागच्या रस्त्यावर पर्यटकांच्या मोटारींची रीघ लागते. एका तुकडींत पंधरांहून अधिक मुलें नसावीं. एक शिक्षक पुढें आणि एक सर्वांच्या मागें असावा, आणि मागच्यास सोडून कोणी पुढें जाऊं नये. प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावें, सायकलीचे ब्रेक, घंटी आणि मागचा तांबडा दिवा आदल्या दिवशीं तपासलेले असावे, आणि पंक्चर काढतां येत नाहीं त्यानें तें आधीं शिकून घ्यावें. धक्क्यावर पहांटेच पोंचावें, आणि मोठ्या गाड्या जेथें वळतात तेथें उतरून सायकल हातानें न्यावी.

इतकें करूनहि धोका शून्य होत नाहीं, हें आम्ही उघडपणें सांगतों. पण दुसऱ्या पारड्यांत काय आहे तेंहि पालकांनीं पाहावें. ज्या मुलास सोळाव्या वर्षापर्यंत रस्त्याची ओळखच होऊं दिली नाहीं, तो दोन वर्षांनीं मोटारसायकल मागणार आहे, आणि बहुतेक घरांत ती त्यास मिळणारहि आहे. चढावर दम कसा राखावा, उतारावर ब्रेक केव्हां दाबावा, वळणाच्या पलीकडे न दिसणारी गाडी असेल असें धरून कसें चालावें, आपल्यापेक्षां दुबळ्यास वाट कशी द्यावी, हें सारें सायकलीच्या वेगांत शिकलें नाहीं तर मोटारसायकलीच्या वेगांत शिकावयास अवसर उरत नाहीं. आज शिक्षकांच्या देखरेखीखालीं थोडा धोका, कीं उद्यां कोणाच्याहि देखरेखीवांचून मोठा धोका, असा हा प्रश्न आहे. आम्ही पहिला पत्करूं.

दुसरी शंका कोणी उघड बोलत नाहीं, म्हणून ती आम्हीच बोलतों. आपल्या वस्तींत सायकल हें गरिबाचें वाहन मानतात. पाववाला, दूधवाला, चहाची किटली घेऊन वखारीवखारींतून फिरणारा पोर्‍या हे सायकलीवर दिसतात. म्हणून जरा बरे दिवस आले कीं घरची सायकल भंगारांत जाते. ज्या सायकलीच्या मागें पावाची पेटी बांधून एखाद्या बापानें मुलाची फी भरली, त्या सायकलीची मुलास लाज वाटावी, ह्यापरतें दुःख दुसरें कोणतें? श्रम करणाऱ्याच्या वाहनावर शाळेची सहल निघाली, आणि शिक्षकहि त्यावर बसले, तर ही लाज उपदेशावांचून गळून पडेल. तिसरी शंका मुलींविषयींची. त्यांच्यासाठीं बस आणि मुलग्यांसाठीं सायकल असा भेद आम्हांस मान्य नाहीं. समुद्राची भरती दोघांनाहि एकाच वेळीं येते. तिचें गणित दोघांनींहि एकत्र करावें. मुलींच्या तुकडीबरोबर शिक्षिका असाव्या, एवढी व्यवस्था पुरे आहे.

सायकलीवरून देश पाहणें हें कांहीं परक्यांचें खूळ नव्हे. ह्याच मुंबईंतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटें आणि पर्वत ओलांडून १८ मार्च १९२८ रोजीं घरीं परतले. सुमारें ७१,००० किलोमीटरांची वाट त्यांच्या चाकांखालून गेली होती. ते राजपुत्र नव्हते, आणि त्यांच्या दिमतीस कोणी नोकरचाकर नव्हते. त्यांच्या पराक्रमापुढें आमची वीस किलोमीटरांची वाट म्हणजे पाळण्यांतलें पाऊल आहे. पण पाऊल पाळण्यांतच टाकलें नाहीं तर पुढचा रस्ता कोण चालणार?

म्हणून आमची मागणी थोडी आणि नेमकी आहे. शाळेनें दहा जुन्या सायकली मिळवून दुरुस्त कराव्या, म्हणजे ज्याच्या घरीं सायकल नाहीं तो मागें राहणार नाहीं. दुरुस्तीचें काम विद्यार्थ्यांनींच शिकून करावें. माजी विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या घरीं सायकल गंजत पडली असेल त्यांनीं ती शाळेकडे पाठवावी. येत्या हिंवाळ्यांत पंधरा मुलांमुलींची एकच तुकडी प्रथम न्यावी, आणि परत आल्यावर प्रत्येकानें चार पानांचा वृत्तांत लिहावा: वाटेंत कोणते ओढे ओलांडले, कोठें चढ लागला, कोणाशीं बोलणें झालें, काय विचारलें आणि काय उत्तर मिळालें. त्यांतले उत्तम वृत्तांत पुढच्या वर्षीं ह्याच पानांवर छापावे.

विद्यार्थी मित्रांनो, परमेश्वरानें ही सृष्टि निर्माण केली ती कांचेच्या आडून पाहण्यासाठीं नव्हे. ज्या नदीचें पाणी तुम्ही हातानें चाखलें आणि जो डोंगर तुम्ही आपल्या दमानें चढलां, त्यांचें रक्षण करावें असें तुम्हांस मोठेपणीं आपोआप वाटेल; ज्यांचीं नुसतीं नांवें पाठ केलीं त्यांविषयीं तें वाटणार नाहीं. आणि पालकहो, सहीसाठीं संमतिपत्र तुमच्यापुढें येईल तेव्हां एवढेंच मनांत आणा कीं, तुमच्या घराण्यांतलें कोणी तरी एकदां त्याच खाडीच्या पलीकडून, ओळखीपाळखीवांचून, ह्या शहरांत येऊन उतरलें होतें. त्यांच्या धैर्याचा थोडा वांटा आपल्या मुलांस द्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविणें तुमच्या हातीं आहे.